दोन्ही बाजूंनी घालता येणारे बंदांचे झबले: उलटवल्यावर बंद आत जातात, काय करावे?

टाकादोरा

नमस्कार. माझ्या नातीचे बोरन्हाण या संक्रांतीला करायचे असून त्या वेळी ती अकरा महिन्यांची होईल. काळे झबले एकदा अंगावर चढते, हलव्याचे दागिने उतरले की कपाटात जाते आणि पुढच्या संक्रांतीला ते होत नाही, हे मी माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी पाहिले आहे. म्हणून या वेळी एका बाजूने काळे आणि दुसऱ्या बाजूने रोज वापरता येईल अशा हळदी रंगाचे, अंगरख्यासारखे पुढे एकावर एक येऊन बंदांनी बांधायचे झबले शिवावे असे मनात आहे. डोक्यातून घालायचे कपडे तिला मुळीच खपत नाहीत. गळ्यातून डोके बाहेर येईपर्यंत ती घर डोक्यावर घेते, त्यामुळे पुढून पूर्ण उघडणारेच हवे.

मी शिवणकाम रीतसर शिकलेली नाही, पण पडदे, अभ्रे, परकर, दुपटी इतपत हात बसलेला आहे. कागदावर आकृती काढून आधी जुन्या चादरीचे एक झबले शिवून पाहिले आणि त्यात दोन ठिकाणी अडले. पहिली अडचण उलटवण्याची. दोन्ही कापडांचे खांदे आणि बगला वेगवेगळ्या जोडून घेतल्या, मग सुलट बाजू एकमेकींवर ठेवून गळा, पुढच्या कडा आणि दोन्ही मुंढे (हात घालायच्या गोलाया) शिवले आणि तळातून उलटवायला गेले, तर मुंढ्यापाशी कापडाला पीळ पडला आणि खांदा काही केल्या सुलटा होईना. शेवटी एक मुंढा उसवावा लागला.

दुसरी अडचण बंदांची, आणि ती मला अजून नीट उलगडलेली नाही. मी दोनच बंद लावले होते: एक डाव्या भागाच्या टोकाला आणि दुसरा उजव्या बगलेखाली, बाहेरून. त्या बाजूने झबले बांधले की आतला उजवा भाग घसरून खाली लोंबतो, पण ते एक वेळ चालले असते. उलटवून घातल्यावर मात्र बगलेचा बंद आत गेला. गाठ बांधायची तर ती आतच बांधली जाते आणि वर आलेल्या भागाला धरायला काहीच उरत नाही. बगलेच्या शिवणीत फट ठेवून बंद बाहेर काढावा का, की बंदांऐवजी सरळ टिचबटणे लावावीत?

कापड अजून कापलेले नाही. काळे केंब्रिक आणि हळदी मलमल प्रत्येकी एक मीटर आणले आहे. दोन्हींचे तळहाताएवढे तुकडे कडेने जोडून, उलटवून पाहिले, तेव्हा मलमलीखालचे काळे दिसून ती मधे मळकट हिरवट भासते आणि कडेला, जिथे शिवणीबाहेर सोडलेले मार्जिन आत वळलेले आहे तिथे, दोन सूत (म्हणजे पाव इंच) रुंदीची लख्ख पिवळी पट्टी उमटते. यावर उपाय आहे की कापडच बदलावे लागेल?

जुनीशिवण

टाकादोरा ताई, मी सांगलीला बरीच वर्षे शिवणवर्ग घेतले. या झबल्यात विद्यार्थिनी नेमक्या याच दोन ठिकाणी अडत, तेव्हा तुमचा हात चुकला असे मानू नका. दोन्ही अडचणी शिवण्याच्या नसून क्रमाच्या आणि जागेच्या आहेत.

आधी बंदांचे पाहू. येथे डावे-उजवे म्हणते ते नेहमी बाळाचे, समोर बसलेल्या तुमचे नव्हे. कपडा उलटवला की कापडाचा डावा भाग बाळाच्या उजवीकडे जातो, आणि सगळा घोळ यातूनच होतो. झबल्याला चार बंद लागतात. त्यांपैकी दोन पुढच्या दोन्ही भागांच्या टोकांना, शिवणीच्या आत धरलेले असावेत. ते दोन कापडांच्या मधून निघतात, म्हणून कोणत्याही एका बाजूचे नसतात आणि दोन्ही बाजूंना उपयोगी पडतात. उरलेले दोन बगलांचे. त्यांच्यासाठी एकच नियम लक्षात ठेवा: जे कापड बाहेर आहे त्याच्या सुलट बाजूवर, बाळाच्या उजव्या बगलेखाली एक बंद. काळे बाहेर असताना उजव्या बगलेखाली काळ्या कापडावर खडूची खूण करा, मग झबले उलटवून हळदी कापड बाहेर आणा आणि पुन्हा उजव्या बगलेखालीच खूण करा. आता नीट पाहिलेत तर दोन खुणा एकाच शिवणीवर नसून समोरासमोरच्या बगलांवर, वेगवेगळ्या कापडांवर पडलेल्या दिसतील.

असे केले की दोन्ही वेळा डावा भागच वर येतो, मात्र आधी जो भाग खाली होता तो आता वर असतो. वरच्या भागाचा बंद उजव्या बगलेखालच्या बाहेरच्या बंदाशी बांधायचा, आणि खालच्या भागाचा बंद डाव्या बगलेखाली आतून निघालेल्या बंदाशी. उलटवल्यावर हा आतला बंदच बाहेरचा होतो. शिवणीत फट ठेवायची गरज पडत नाही, आणि आतला भाग लोंबण्याची तुमची तक्रारही त्यातच मिटते. पांढरी बाराबंदी तुम्ही पाहिली असेलच. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे ती घालतात. तिचे बारा बंद काही शोभेसाठी नसतात. एकावर एक येणारा कपडा एका गाठीच्या भरवशावर अंगावर ठरत नाही. खात्री करायची असेल तर कागदाचे झबले कापून घरातल्या बाहुलीला घाला, बंदांच्या जागी लोकरीचे तुकडे चिकटवा आणि उलटवून पाहा. लिहून सांगताना हे जेवढे किचकट वाटते तेवढे हातात घेतल्यावर राहत नाही.

आता उलटवण्याचे. खांदे आणि बगला दोन्ही आधी शिवून टाकल्या की मुंढा बंद वर्तुळ होतो, आणि दोन थरांचे असे वर्तुळ आतून शिवून उलटवता येत नाही. म्हणून आधी फक्त खांदे जोडा, काळ्याचे काळ्याला आणि हळदीचे हळदीला, आणि शिवणी इस्त्रीने उघडून घ्या. मग दोन्ही कापडे सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर पसरा. पुढच्या भागांचे बंद ठरल्या जागी, तोंड आत करून टाचून ठेवा. एका पुढच्या भागाच्या तळापासून निघून कड, गळा आणि दुसऱ्या भागाची कड अशी एक सलग टीप तळापर्यंत मारा. त्यानंतर दोन्ही मुंढे शिवा. बगला आणि तळ उघडेच राहू द्यायचे. गोलाईवर टिपेच्या धाग्यापर्यंत, पण धागा न कापता, अर्ध्या-अर्ध्या इंचावर काप द्या. आता पाठीच्या दोन थरांमधून हात घालून खांद्यापर्यंत न्या, पुढचा भाग चिमटीत धरा आणि त्याला खांद्यातून ओढून पाठीच्या तळाकडून बाहेर काढा. मग दुसऱ्या भागाचे तसेच. शेवटी राहतात त्या बगला. मुंढ्याची जोडशिवण जोडशिवणीवर आणून काळ्याची बगल आणि हळदीची बगल अशी एकाच सरळ टिपेत शिवून टाका, आणि त्याच वेळी बगलांचे बंद वर सांगितलेल्या जागी शिवणीत धरा.

मापे अशी धरावीत. अकरा महिन्यांच्या मुलीची छाती साधारण १८ इंच भरते, तरी तुम्ही टेप लावूनच घ्या. त्यात ४ इंच सैल धरले की पाठ घडीवर, म्हणजे कापड दुहेरी घालून निम्मी मोजता, छातीशी साडेपाच इंच येते. पुढचा प्रत्येक भाग बगलेपासून टोकापर्यंत १० इंच ठेवा, म्हणजे तो समोरच्या बगलेच्या जवळपास इंचभर अलीकडे थांबतो आणि गाठ कुशीत येते, पोटावर टोचत नाही. गळ्याची रुंदी घडीवर २ इंच, मागची खोली पाऊण इंच, खांदा सव्वादोन इंच, उतार अर्धा इंच, मुंढा साडेचार इंच, पूर्ण लांबी १५ इंच आणि तळाचा घेर पाठीला घडीवर ८ इंच. मार्जिन सगळीकडे दोन सूत वेगळे. पुढच्या गळ्याची रेघ खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून भागाच्या कडेवर ६ इंच खाली सरळ तिरपी आणा. ती खोलगट केली तर बाळ वाकले की गळा उघडा पडतो. बगलेचे बंदही खांद्यापासून त्याच उंचीवर, म्हणजे मुंढ्याच्या दीड इंच खाली येतील.

ही तिरपी कड उरेब, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी, असल्यामुळे हाताळताना ताणली जाते, म्हणून कापल्याबरोबर, बाकी काहीही करण्याआधी, कडेपासून एक सूत आत एक साधी टीप मारून घ्या. ती नंतर मार्जिनमध्ये झाकली जाते. आणि पुढचे भाग कापड दुहेरी घालूनच बेता. माझ्या वर्गात दर वर्षी एक तरी मुलगी दोन डावे भाग कापून आणत असे.

रंगपेटी

वरील उत्तरात शिवण्याचे सर्व आले आहे, म्हणून मी फक्त कापडाविषयी लिहितो. इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या धंद्यात माझी बरीच वर्षे गेली.

मलमल आणि केंब्रिक सारखे आटत नाहीत. मलमलीची वीण विरळ असल्यामुळे ती पहिल्या धुण्यात मीटरमागे दीड-दोन इंचही आत जाऊ शकते. दोन कापडे कडेने कायमची जोडलेली असताना त्यांतले एक आटले तर दुसऱ्यावर फुगे येतात आणि शिवणी गोळा होतात, आणि मग इस्त्रीने काही साधत नाही. तेव्हा दोन्ही कापडे बेतण्यापूर्वी कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून घ्यावीत. एकदा पुरते, पण मलमल दोनदा धुतलेली बरी.

काळ्या रंगाची परीक्षा याच वेळी होते. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळून काळ्या कापडावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबून धरा. रुमालावर करडा डाग उमटला तर कापडात न बसलेला रंग शिल्लक आहे असे समजावे. असे कापड मिठाच्या पाण्यात किंवा तुरटीत बुडवून ठेवण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो, परंतु त्याने रंग पक्का होत नाही. मिठाचे काम रंगवण्याच्या हौदात, रंग धाग्याकडे ढकलण्यापुरते असते. न बसलेला रंग काढून टाकणे हाच उपाय, आणि त्यासाठी साबण घातलेल्या गरम पाण्यात कापड तासभर ठेवून, पाणी बदलत, ते निवळ येईपर्यंत खळबळावे लागते. पाच-सहा पाण्यांनंतरही काळे उतरत राहिले तर ते कापड बाळासाठी वापरू नका. अकरा महिन्यांचे मूल बंदाचे टोक तोंडात घालणार हे ठरलेलेच आहे.

ट्रंकेतले जुने काळे कापड काढण्याचा कोणाचा विचार असेल तर ते आधी दोन्ही हातांत धरून ताणून पाहावे. गंधकाच्या काळ्या रंगाने रंगवलेले सुती कापड दमट जागी वर्षानुवर्षे पडून राहिले की त्या रंगातून आम्ल तयार होते आणि कापड आतून कमकुवत होते. दिसायला धडधाकट, पण ओढताच चिरते.

आता मळकट दिसण्याविषयी. तुम्ही सांगितलेली पिवळी पट्टी म्हणजे मलमलीखाली मलमलीचेच मार्जिन आल्यामुळे उजळलेली जागा आहे. दोष मार्जिनचा नसून मलमल पारदर्शक असण्याचा आहे, त्यामुळे मार्जिन कितीही कातरले तरी मधला भाग मळकटच राहील. मध्ये पांढऱ्या मलमलीचा तिसरा थर घालता येतो, पण तसे झबले एप्रिलमध्ये कोण घालणार? माझ्या मते हळदी मलमल दुसऱ्या कामाला ठेवावी आणि या झबल्याला घट्ट विणीचे पॉपलिन किंवा केंब्रिक घ्यावे. मेंदी, तपकिरी, गडद निळा असा रंग किंवा भरगच्च छापील नक्षी असेल तर खालचे काळे अजिबात दिसत नाही. दोन्ही कापडे एका वजनाची असली की आटण्याचा प्रश्नही अर्धा सुटतो.

मलमलच वापरायची असे ठरले, तर निदान तिला साबुदाण्याची पातळ खळ देऊन, कडक इस्त्री करून मगच बेता. खळीमुळे ती कागदासारखी वागते आणि कात्रीखाली सरकत नाही. झबले पूर्ण झाल्यावर धुतले की खळ निघून जाते. मलमलीला मशीनची सुई ११ नंबरची लावावी, १४ नंबरच्या सुईने छिद्रे दिसतात.

पोटरीपर्यंत

जुनीशिवण काकूंचा बंदांचा नियम मी आत्ता कागदाच्या झबल्यावर करून पाहिला आणि तो चोख आहे. उलटवण्याच्या पद्धतीबाबत मात्र माझे थोडे वेगळे म्हणणे आहे. खांद्यातून पुढचा भाग ओढून काढणे पातळ कापडाला जमते. पण मार्जिन वेगळे धरले तरी शिवल्यावर खांदा सव्वादोन इंचांचाच असतो, आणि त्यातून पॉपलिनचा संपूर्ण भाग, तोही तळाशी रुंद होत गेलेला, ओढताना माझ्याकडून मागच्या वर्षी खांद्याजवळची शिवण उसवली होती. रात्री साडेअकराला मी ती पुन्हा घालत बसले होते.

त्यानंतर मी सोपा मार्ग धरला. दोन्ही कापडांचे खांदे आणि बगला वेगवेगळ्या शिवून दोन पूर्ण झबली तयार करायची. एकात दुसरे, सुलट बाजू समोरासमोर येईल असे घालून पुढच्या कडा, गळा आणि तळ सगळीकडून एक फेरी शिवायची, पाठीच्या तळाशी चार इंच उघडे ठेवायचे आणि तिथून उलटवायचे. मुंढे तोवर मोकळेच असतात, त्यामुळे पीळ पडण्याचा प्रश्नच येत नाही. शेवटी दोन्ही थरांचे मुंढे एकत्र टाचून त्यांना उरेब पट्टीची पायपिंग करायची. पट्टी सव्वा इंच रुंद कापली तर पुरते. एका बाजूने मशीनवर टीप आणि दुसऱ्या बाजूने हाताने तुरपाई केली की दोन्हीकडून सारखीच नीट दिसते. मशीनची सवय असली तरी वर्तुळाकार पट्टीची दुसरी बाजू मशीनवर मारण्याचा मोह टाळावा, कारण उलट बाजूला ती टीप हमखास पट्टीवरून घसरते, आणि या कपड्याला उलट बाजू अशी नाहीच.

टिचबटणांच्या मी विरोधात आहे. धातूचे टिचबटण दोन्ही बाजूंनी चालेल असे बसवणे कठीण, मलमलीतून ते उपटून येते, आणि सुटलेले बटण सर्वात आधी बाळाच्या तोंडात जाते. बंद आखूड ठेवा. मी जर्मनीत राहते आणि येथील लहान मुलांच्या कपड्यांतील दोऱ्या व नाड्यांसाठी ईएन १४६८२ हे युरोपीय मानक आहे. सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना टोपीशी आणि गळ्याशी नाडी असू नये असे त्यात आहे. घरी शिवलेल्या झबल्याला मानक लावायला कोणी येत नाही, पण बंद गळ्यापासून दूर, बगलेखाली ठेवण्यामागचे कारण तेच आहे. दीड इंच रुंद आणि ८ इंच लांब पट्टी चौपदरी दुमडून कडेने टीप मारली की तीन सूत रुंदीचा बंद तयार होतो, त्याची छोटी गाठ आणि फासा बसतो आणि टोके तळापर्यंत लोंबत नाहीत. नळी शिवून उलटवत बसू नका, इतक्या अरुंद नळीत सेफ्टीपिन अडकते.

अजून एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून सांगते. अकरा महिन्यांचे मूल रांगत असते. १५ इंच लांबीचे झबले रांगताना गुडघ्याखाली येते, मूल स्वतःच्याच झबल्यावर गुडघा टेकते आणि पुढे सरकायला गेले की गळ्याशी ओढ बसून नाकावर पडते. आमच्याकडे हे दोन दिवस चालले होते आणि आम्ही तिला रांगण्याचा कंटाळा आला आहे असे समजत होतो. लांबी १३ इंच ठेवा, खाली चड्डी घाला.

जुनीशिवण

पोटरीपर्यंत यांचे म्हणणे मला मान्य आहे, पॉपलिन घेतले तर पायपिंगचीच पद्धत बरी. लांबीबाबत तर मी बोरन्हाणाच्या पाटावर बसलेले मूल डोळ्यांसमोर ठेवले होते, पाटावरून उतरल्यावरचे नव्हे. या पद्धतीत फक्त एक भर घालते. तळ शिवण्यापूर्वी दोन्ही झबली वेगवेगळी, खांद्यावर चिमटे लावून, रात्रभर दोरीवर टांगून ठेवा. घेराच्या बाजूंना कापड उरेब असते आणि ते आपल्याच वजनाने खाली येते, दोन कापडांत ते सारखे येत नाही. सकाळी एकावर एक ठेवून तळ सारखा कातरून मगच शिवा, नाहीतर दोन धुण्यांनंतर काळी कड दुसऱ्या कापडाखालून डोकावू लागते.

टाकादोरा

सर्वांचे मनापासून आभार. काम बहुतेक झाले आहे, म्हणून कळवते आणि एक शेवटची शंका विचारते.

हळदी मलमल बाजूला ठेवली. तिची कुंची शिवेन. त्याऐवजी मेंदी रंगाचे, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचे पॉपलिन आणले. काळ्या केंब्रिकला रुमालाची परीक्षा लावली तर रुमाल चक्क जांभळट झाला. चार पाणी काळे गेले, पाचवे करडे आणि सहावे निवळ, आणि त्यानंतर रुमाल पांढरा राहिला. मीठ मी आधीच एक मूठ घालून बसले होते हे कबूल करते.

बंदांसाठी बाहुलीऐवजी नातीलाच कागदाचे झबले घातले, तिने ते खाल्ले, पण त्याआधी दोन्ही खुणा समोरासमोरच्या बगलांवर पडलेल्या पाहून घेतल्या होत्या. त्याप्रमाणे काळ्या कापडावर तिच्या उजव्या बगलेखाली आणि मेंदी कापडावर, ते बाहेर असताना, पुन्हा तिच्या उजव्या बगलेखाली असे बंद शिवणीत धरले. काल घालून पाहिले, उलटवून पुन्हा घालून पाहिले. दोन्ही वेळा आतला भाग जागच्या जागी राहिला आणि गाठ कुशीत आली. लांबी १३ इंच ठेवली आहे. तळ टांगून ठेवल्यावर मेंदी कापड खरोखरच डाव्या बगलेखाली जवळजवळ तीन सूत खाली आले होते.

शंका गळ्याच्या कडेबद्दल आहे. उलटवून इस्त्री केल्यावर काही ठिकाणी काळ्याची बारीक रेघ मेंदी बाजूला येते आणि काही ठिकाणी मेंदीची काळ्या बाजूला. अस्तराच्या कपड्यात आपण अस्तर थोडे आत ओढून घेतो, पण येथे दोन्ही बाजू बाहेरच्याच आहेत, मग कोणती कड कोणीकडे ओढावी? आणि कडेवर वरून टीप मारायची तर कोणत्या रंगाच्या दोऱ्याने?

जुनीशिवण

कोणतीच कड कोणीकडे ओढू नका. शिवण बरोबर कडेच्या टोकावर बसली पाहिजे. कड किंचित ओली करून अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरा आणि पुढे-मागे चोळत जा. दोन्ही कापडे सरकून शिवण वर येते. तीन-तीन इंच जमले की तिथेच कच्च्या टाक्याने धरून ठेवा, आणि सगळी कड अशी बांधून झाल्यावरच इस्त्री करा. इस्त्री सरकवू नका, उचलून ठेवत जा, कारण गळ्याची तिरपी कड सरकत्या इस्त्रीखाली ताणली जाते.

टीप कडेपासून एक सूत आत मारा. वरचा दोरा काळा आणि बॉबिनमध्ये मेंदी दोरा घ्या, आणि काळी बाजू वर ठेवून शिवा, म्हणजे प्रत्येक बाजूला त्या त्या रंगाची टीप दिसेल. मात्र सुरुवात करण्यापूर्वी दोन्ही कापडांच्या तुकड्यांवर वीतभर टीप मारून पाहा. वरचा दोरा घट्ट असेल तर काळ्यावर मेंदीचे ठिपके उमटतील, सैल असेल तर मेंदीवर काळे. तुमच्या पॉपलिनवर पांढरे ठिपके आधीच असल्यामुळे मेंदी बाजूची थोडीफार चूक खपून जाईल, काळ्या बाजूची खपणार नाही. तेव्हा ताण लावताना काळ्याकडे बघून लावा. तळाची चार इंचांची उघडी जागाही याच टिपेत बंद होते, तिला वेगळी तुरपाई करायला नको.

कच्चा टाका काढताना ओढू नका, दर दोन इंचांवर कापून काढा.